पहिल्या मजल्यावरचं कुलूप

आमच्या सेंटरमध्ये लोक चपला काढून यायचे. तशी पाटी कुठेही लावलेली नव्हती. पण दारातल्या पांढऱ्या फरशीत स्वतःचं तोंड दिसलं की नेकनूर-वडवणीकडची माणसं थबकायची, एकमेकांकडे बघायची आणि मुकाट्यानं चपला उतरवायची. एकानं काढल्या की मागचे सगळे काढायचे. लग्नसराईत तर दाराशी एवढा ढीग पडायचा की आत कीर्तन चाललंय की काय असं वाटावं. जाताना अदलाबदल व्हायची आणि मग एक पाय स्वतःच्या चपलेत, दुसरा कुणाच्या तरी, अशी माणसं माझ्या टेबलापाशी तक्रार घेऊन यायची. मी तरी काय करणार? सांगून पाहिलं होतं, चपला घालूनच या, फरशी त्यासाठीच आहे. एक आजोबा म्हणाले, "एवढी पांढरीधोप फरशी, अन् चिखलाच्या वाणा कशाला? तुमाला पुसायला बी लागंल की."

पुसायला लागायचंच. ते मीच करून घ्यायची. माझा हुद्दा कागदावर काहीतरी लांबलचक होता, पण सगळे मला 'सेंटरच्या बाई' म्हणत. दरवाजे उघडणं, दिवे-पंखे, जिना, काचा, पिण्याचं पाणी, झाडलोट, भांडणं, हरवलेली लेकरं, हे सगळं माझ्याकडे. हाताखाली साफसफाईच्या एक मावशी होत्या. कामाला वाघ होत्या, आणि माझ्या शिस्तीवर त्यांचा जराही विश्वास नव्हता.

गावोगावच्या सोसायट्यांनी मिळून हे सहकारी भांडार काढलं होतं. आधी एका गोदामात चालायचं, मग बस स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर ही तीन मजली इमारत झाली. खाली किराणा आणि भांडी, पहिल्या मजल्यावर कापड, वर ऑफिस आणि बैठकीची खोली. नकाशा औरंगाबादच्या एका तरुण आर्किटेक्टनं केला होता. माणूस हुशार, पण बीडचं ऊन त्यानं फक्त हिवाळ्यात पाहिलं असावं. समोरची सगळी भिंत काचेची आणि तीही पश्चिमेला. दुपारी तीननंतर खालच्या साबणाच्या वड्या मऊ पडायच्या. बसायला एकही बाक नव्हतं. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, बाक ठेवलं की लोक बसून राहतात, खरेदी करत नाहीत. त्याचं म्हणणं मला तेव्हा फार पटलं होतं. लोक अर्थातच जिन्यावर बसायचे. जिना रुंद होता, गार होता आणि त्यावर दुपारची झोपही छान लागायची. उठवायला गेलं की प्रत्येकाचं एकच उत्तर, "मी सभासद हाय." आपल्याच घरात झोपलेल्याला उठवणारी तू कोण, असा त्याचा अर्थ.

बायकांचं स्वच्छतागृह पहिल्या मजल्यावर, कापडाच्या गाठोड्यांच्या खोलीमागे होतं. संपूर्ण इमारतीत ते एकच. पुरुषांसाठी मागच्या अंगणात वेगळी सोय होती. तीही नसती तरी पुरुषांचं काही अडलं नसतं. स्वच्छतागृहाचं दार भिंतीच्याच रंगाचं, म्हणजे नजरेत येऊ नये असं. तरी बायकांना ते बरोबर सापडायचं. पहिल्यांदा आलेली बाईसुद्धा जिन्यावरूनच कुणाला तरी डोळ्यांनी विचारायची आणि तिला डोळ्यांनीच उत्तर मिळायचं.

मग दुष्काळ आला. आला म्हणजे एका दिवशी आला असं नव्हे. एक पावसाळा कोरडा गेला, दुसराही तसाच गेला, आणि दिवाळीनंतर आमच्या बोअरला नुसती हवा यायला लागली. भांडारानं टँकर लावला. तो कधी चौथ्या दिवशी यायचा, कधी आठव्या. माझ्या कामाचं सगळं गणितच बदललं. फरशी ओल्या भुशानं झाडायची, काचा ओल्या रद्दीनं पुसायच्या, कूलर बंद. पिण्यासाठी पहिल्या मजल्यावर जिन्यापाशी एक मोठा रांजण ठेवला होता, त्याला झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं. खरेदीला येणाऱ्या बायकांच्या पिशवीत रिकामे कॅन असायचे. मी जरा पाठ वळवली की रांजण तळाला गेलेला. मी रागवायची, त्या हसायच्या. एक जण म्हणाली, "बाई, साडी बघायला थोडीच आलो. पान्याला आलो, साडी बी बघितली."

स्वच्छतागृहाची मात्र दैना झाली. पाणी नाही म्हटल्यावर काय होणार? मावशी दिवसातून दोनदा अर्ध्या बादलीत जे जमेल ते करायच्या. वास कापड विभागात यायला लागला. तिथले काका, म्हणजे आमचे सगळ्यात जुने विक्रेते, नाकाला रुमाल लावून पैठणीच्या घड्या उलगडायचे. मला ते अजिबात सहन होत नव्हतं. मी मुळातच स्वच्छतेच्या बाबतीत कटकटी बाई. माझ्या इमारतीत वास येतो, ही गोष्ट मला रात्रंदिवस टोचायची.

म्हणून महिन्याच्या बैठकीत मीच उठून सांगितलं की बायकांचं स्वच्छतागृह पाऊस पडेपर्यंत बंद करावं. स्टाफच्या पाच-सहा जणींसाठी चावी माझ्याकडे राहील, तेवढ्यांपुरतं पाणी पुरतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी स्टँडवर सोय आहेच. संचालक सगळे पुरुष. दोन मिनिटांत विषय संपला. चेअरमन साहेब म्हणाले, "बेस केलं बाई. तुमी बाईमाणूस असून सांगताय म्हंजी बराबरच आसंल."

त्या वाक्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता, हे लिहिताना आज हात आखडतो.

मी पितळी कुलूप आणलं, पाटी रंगवून घेतली. आठवड्यात वास गेला. काकांचा रुमाल खिशात गेला. आणि आणखी एक गोष्ट झाली. जो रांजण दुपारपर्यंत रिकामा व्हायचा, तो संध्याकाळी अर्ध्याहून जास्त भरलेला दिसू लागला. बायका कॅन भरून न्यायच्या, पण ओगराळं तोंडाला लावत नव्हत्या. मी पुढच्या बैठकीत तेही सांगितलं. म्हटलं, पाण्याचीही बचत झाली. संचालकांनी माना डोलावल्या. मावशी चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, चहात साखर कमी पडली असावी.

बाहेर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "बाया पानी का पेत न्हाईत, तुमी इचारलं का?"

मी म्हटलं, "थंडी आहे."

थंडी कधीच सरली होती.

लग्नसराई सुरू झाली आणि बस्ते येऊ लागले. बस्ता म्हणजे लग्नाच्या कापडांची खरेदी, पण ती नुसती खरेदी नसते. दोन्हीकडची माणसं एकाच दिवशी येतात, गादीवर समोरासमोर बसतात आणि नवरीच्या शालूपासून ते लांबच्या मावसभावाच्या टोपीपर्यंत सगळं त्या एका बैठकीत ठरतं. सकाळी दहाला बसलेली माणसं दिवेलागणीला उठतात. कुणी किती मोकळ्या हातानं घेतलं, कुणाचं तोंड वाकडं झालं, यावर पुढची वीस वर्षं बोललं जातं. लग्न ठरतं ते सुपारी फोडल्यावर, पण सोयरे एकमेकांना खरे कळतात ते बस्त्यात. बस्त्यावरून मोडलेली दोन लग्नं तर आमच्या गादीवरच मोडली होती.

त्या दिवशी नवरीकडचे नांदूरघाटचे होते आणि नवरदेवाकडचे नेकनूरचे. दोन टेम्पो भरून माणसं आली. चपलांचा ढीग पडला. नवरदेवाकडचे चेअरमन साहेबांच्या नात्यातले, म्हणून साहेब स्वतः वरून उतरून गादीच्या कडेला लोडाला टेकून बसले. मी माझ्या टेबलावर, गादीपासून पंधरा पावलांवर, जिन्याच्या तोंडाशी.

दुपारी दोनच्या सुमाराला नवरीची आई उठून माझ्याकडे आली. काळीसावळी, पन्नाशीच्या आतली बाई, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. माझ्या टेबलावर वाकून, पाठीमागे बसलेल्या माणसांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "बाई, जरा बाहीर जायाची सोय कुठं हाय?"

मी म्हटलं, "बंद आहे. पाणी नाही."

"मी पानी नेते की. रांजनातलं तांब्याभर."

"ते प्यायचं पाणी आहे. स्टँडवर आहे सोय, दहा मिनिटं चालत."

"आमच्या मालकाच्या नावानं शेअर हाय हितं," असं म्हणाली. भांडायच्या सुरात नव्हे, विचारून बघावं तशी. मी म्हटलं, सगळ्यांना एकच नियम. आणि तेवढ्यात किराणा काउंटरवरची मुलगी मागच्या बाजूनं आली, हात पदराला पुसत, आणि चावी माझ्या टेबलावर ठेवून गेली.

ती बाई चावीकडे बघत राहिली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. जिना उतरून चपला शोधायलाही न थांबता उन्हात निघून गेली. मी चावी खणात टाकली. वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर तेव्हा मला राग आला होता, त्या काउंटरवरच्या मुलीचा.

इकडे शालूची वेळ झाली. शालू नवरदेवाकडचे घेतात, पण आमच्याकडची रीत अशी की पसंत पडलेल्या शालूला पहिला हात नवरीच्या आईनं लावायचा. तिनं हात लावला म्हणजे तो तिला मान्य. मग हळदीकुंकू आणि पुढचं कापड. काकांनी तीन शालू उलगडले, नवरदेवाच्या आईनं हिरव्या काठाचा लाल शालू उचलला आणि नवरीच्या आईसाठी समोर धरला. समोरची जागा रिकामी होती.

"विहीणबाई कुठं गेल्या?"

कुणालाच माहीत नव्हतं. निदान तसं कुणी दाखवलं नाही. नवरीनं एकदा मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. तिला अंदाज असणार, पण तीस माणसांसमोर, त्यात सासरच्या पुरुषांसमोर, ती काय बोलणार? नवरीचा बाप खाली बघून आला, भांड्यांच्या विभागात बघून आला. दहा मिनिटं गेली, वीस गेली. शालू तसाच उलगडलेला. नवरदेवाचा चुलता म्हणाला, "पसंत न्हाई तर तोंडानं सांगावं. भरल्या बैठकीतून उठून जायाचं म्हंजी काय?"

"तसं न्हाई हो," नवरीचा बाप म्हणाला.

"मग कसं हाय? कावून गेल्या?"

त्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली. नवरदेवाची आई आतापर्यंत गप्प होती. उंच, ताठ बाई, बोलणं कमी. तिनं शालूची घडी घालायला सुरुवात केली. "आमी काय कमी केलंतं?" एवढंच म्हणाली. घडी मात्र फार सावकाश, काठाला काठ लावून घातली. मग म्हणाली, "टेम्पोवाल्याला सांगा. निघायचंय."

काका माझ्याकडे धावत आले. "बाई, बस्ता मोडतोय. त्या बाई तुमच्याशी बोलत होत्या ना? कुठं गेल्यात?"

मला माहीत होतं. त्या सबंध मजल्यावर फक्त मलाच माहीत होतं. पण सांगायचं म्हणजे चेअरमन साहेबांच्या समोर सांगायचं, आणि पुढचा प्रश्न येणार की चावी का नाही दिली. शिवाय बायकांच्या अशा गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात हे मलाही लहानपणापासून शिकवलेलं. मी म्हटलं, "येतील आत्ता." काकांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि परत गेले.

आणि ती आलीच. जिना चढून आली, अनवाणी, पायांवर पोटऱ्यांपर्यंत धूळ, पदर घामानं कपाळाला चिकटलेला. समोरची माणसं उठून उभी राहिलेली बघून ती वरच्या पायरीवरच अडली.

"कुठं गेलतीस?" नवऱ्यानं विचारलं.

"कुठं न्हाई."

"कुठं न्हाई म्हंजी? तासभर मानसं खोळंबलीत."

"आसंच," ती म्हणाली. "खाली गेलते."

चुलता हसला. ते हसणं ऐकून नवरी रडायला लागली. आवाज न करता, फक्त खांदे हलत होते. नवरीच्या आईनं शालूकडे बघितलं. तो घडी होऊन नवरदेवाच्या आईच्या मांडीवर होता. तिनं हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. आता हात लावायचा तिला अधिकार राहिला की नाही हेच तिला कळेना.

मी उठले. पंधरा पावलं आहेत ती, मी रोज शंभरदा चालायची. त्या दिवशी ती मी मोजत गेले.

"त्या रुसल्या नाहीत," मी म्हटलं. माझा आवाज उगाच मोठा निघाला. "त्या संडासाला जागा शोधायला गेल्या होत्या. मला सोय विचारली, चावी माझ्याकडेच होती. मी दिली नाही, स्टँडवर पाठवलं. चूक माझी आहे."

मी 'संडास' हा शब्द भरल्या बैठकीत उच्चारला आणि पुरुषांच्या नजरा एकदम फरशीवर गेल्या. कुणी टोपी सारखी केली, कुणी बिडीचं बंडल चाचपलं. चेअरमन साहेब लोडावरून सरळ झाले. "बंद कावून ठेवलंय पन?" त्यांनी विचारलं.

तो ठराव त्यांच्याच सहीचा होता. ते मी बोलू शकले असते, जिभेवर आलंही होतं. पण संचालकांपैकी कुणालाच ते सुचलं नव्हतं. सुचलं होतं मलाच. मी म्हटलं, "मीच बंद करायला लावलं, साहेब."

नवरदेवाची आई नवरीच्या आईच्या पायांकडे बघत होती. मग तिनं हळूच विचारलं, "घावली का तितं जागा?"

नवरीच्या आईनं मान हलवली. "कुलूप हाय तितं बी."

म्हणजे ती बाई त्या उन्हात स्टँडपर्यंत गेली, तिथलंही कुलूप बघितलं आणि तशीच परत आली. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, नंतरही वाटलेली नाही.

नवरदेवाच्या आईनं शालू बाजूला ठेवला आणि उठून उभी राहिली. माझ्यासमोर हात पसरला. "चावी आना."

मी खणातून चावी काढून तिच्या हातावर ठेवली.

"आमी नेकनूरहून सकाळी सातला निघालोत," ती म्हणाली. हे ती मला सांगत नव्हती, साहेबांना सांगत होती, पण त्यांच्याकडे न बघता. "कालच्यान माज्या सुनंला, जावंला, सगळ्यास्नी सांगून ठिवलंतं, बस्त्याला जायाचंय, पानी पिऊ नगा. एकीनं घोट घेतलेला न्हाई. ह्यांच्याकडं बी तेच आसंल."

नांदूरघाटच्या बायकांपैकी एकीनं मान डोलावली. मग दुसरीनं. मला माझा अर्धा भरलेला रांजण आठवला, आणि बैठकीत डोलावलेल्या माना आठवल्या.

मावशी केव्हाच्या बादली घेऊन उभ्या होत्या. मला विचारायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. रांजणाचं झाकण काढून त्यांनी सरळ बादली आत घातली. मी दुसरी बादली घेतली.

बायका उठल्या. दोन्हीकडच्या मिळून चौदा-पंधरा जणी असतील. पोरसवदा, म्हाताऱ्या, एक कडेवर लेकरू घेतलेली. गाठोड्यांच्या खोलीतून त्या भिंतीच्या रंगाच्या दारापर्यंत रांग लागली. सगळ्यात पुढे नवरदेवाची आई, कारण लग्नात सगळीकडे पहिला मान तिचाच. पंगतीला तिचा, ओटीला तिचा, गाडीतून उतरायला तिचा. तिच्या मागे तिच्या जावा, मग नांदूरघाटच्या. नवरीची आई आपणहून सगळ्यात शेवटी जाऊन उभी राहिली होती, रीतीप्रमाणे.

कुलूप निघालं. नवरदेवाच्या आईनं दार ढकललं, आत बघितलं, नाक मुरडलं नाही. मग ती बाजूला सरकली आणि रांगेवरून मागे बघत म्हणाली, "विहीणबाई, फुडं या."

"न्हाई, न्हाई. आधी तुमी. मान तुमचा हाय."

"मान शालूचा आसतो, हितं कसला?" ती म्हणाली. "या गपचीप. स्टँडवर जाऊन आलासा तुमी."

नवरीची आई भिंतीला धरून रांगेच्या कडेनं पुढे आली. दारापाशी माझ्या हातातली पाण्याची बादली तिनं घ्यायला हात पुढे केला. मी दिली नाही. आत नेऊन ठेवली, आणि बाहेर येऊन तिच्यासाठी दार ओढून धरलं.